उसना हुंकार

माझ्या धाकट्याला मागून घ्यायची सवय कधी लागलीच नाही. घरातलं म्हणजे आपलंच, असं त्याचं गणित. थोरल्याचा सदरा अंगात घालून हा बाहेर जाणार, काकूचा चष्मा लावून रेडिओ उघडून बसणार, आणि विचारलं की म्हणणार, नेलं कुठं, इथंच तर आहे. परत देत नाही असं नाही. पण त्याच्या हातून परत आलेली वस्तू पहिल्यासारखी कधी नसते. सदऱ्याचं बटण गेलेलं असतं, चष्म्याची काडी सैल झालेली असते. मी त्याला पुष्कळदा झाडलं. तो हसतो. हसला की बापासारखा दिसतो आणि माझा निम्मा राग तिथंच जिरतो, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. पण या खेपेला त्यानं उचललं ते खुंटीवरचं नव्हतं की कपाटातलं नव्हतं. ते माणसाच्या तोंडातलं होतं.

आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. कारखाना आपला नावाला. घराच्या मागे एक लांब खोली, वर पत्रा, भिंतीला लावून पुठ्ठ्यांचे गठ्ठे, आणि मधोमध डायचं मशीन. बुटांची खोकी, बाटल्यांची खोकी, जे सांगाल ते. पुठ्ठ्याचा ताव हातानं आत सरकवायचा, हात बाहेर घ्यायचा आणि पायाखालचं पायडल दाबायचं. वरून डाय खाली येते आणि उघड्या खोक्याचा आकार एका दमात कापून देते. डाय म्हणजे लाकडी फळीत बसवलेली पोलादी पाती. पुठ्ठा कुठला आणि बोट कुठलं, हे तिला कोणी शिकवलेलं नाही.

माझ्या जावेच्या डाव्या हाताची दोन बोटं या मशीननं नेली. तेव्हा आम्ही दोघी नव्या सुना होतो. त्या दिवसापासून सासूबाईंनी एक नियम घालून दिला. मशीनवर बसेल तिनं हात बाहेर आला की मोठ्यानं "हं" म्हणायचं, आणि तो स्वतःच्या कानांनी ऐकल्यावरच पाय दाबायचा. आधी हात, मग हं, मग पाय. आणि त्या खोलीत दुसऱ्या कोणी, काही झालं तरी, हं म्हणायचं नाही. हो म्हणा, नाही म्हणा, मान हलवा, पण हं नाही. ऐकायला सोपं वाटतं. एक दिवस पाळून बघा म्हणजे कळेल, माणूस दिवसातून किती वेळा फुकटचा हुंकारतो ते. आमचा पुठ्ठेवाला प्रत्येक वाक्यामागे हं हं करतो, म्हणून त्याला आम्ही अंगणातच खुर्ची देतो, चहाही तिथंच. तो समजतो, हा त्याचा मान आहे. समजू दे.

सासूबाई गेल्या, नियम राहिला. मशीनवर आता माझी थोरली सून बसते. थोरला टेम्पो घेऊन माल पोचवतो, जाऊ कातरण वेचते, डिंक लावायला दोघी बाहेरच्या येतात, आणि सगळ्यांवर माझा डोळा असतो. सुनेचा हं छोटा, कोरडा. डब्याला झाकण लागल्यासारखा. मी स्वयंपाकघरातून त्यावर सांगायची की आज मोठी खोकी चाललीत की लहान. जोवर तो ऐकू यायचा, तोवर मला मान वळवून बघायची गरज पडत नसे.

धाकटा लाऊडस्पीकरच्या दुकानात कामाला होता. ते दुकान बंद पडलं तसा तो घरी बसला आणि टॅब्लेटला चिकटला. मला वाटलं, खेळतोय. एक दिवस मला शेजारी बसवून त्यानं दाखवलं. पडद्यावर चौकोनी डबे मांडलेले, डब्यांना भोकं, आणि बोटानं ओढलं की एका भोकातून दुसऱ्या भोकात रंगीत वायर जायची. एक डबा आवाज काढणारा, एक तो जाड-बारीक करणारा, एक घुमवणारा. वायर उपटली की मुका. म्हटलं, हे आपल्या घरासारखंच आहे की, एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला जोडलेलं.

त्या सगळ्यांत त्याचा लाडका डबा एकच. त्यात घरांच्या ओळी होत्या, सोंगट्यांच्या पटावर असतात तशा. एक ओळ चार घरांची, एक सात, एक पाच. प्रत्येक ओळीत उजेडाची एक टिकली घरामागून घर चालत जायची, आणि आपण पेटवून ठेवलेल्या घरावर आली की आवाज व्हायचा. शेवटच्या घरावरून परत पहिल्यावर. चाल सगळ्यांची सारखी, पण जिची ओळ आखूड ती आधी परतते. त्यामुळे तिन्ही टिकल्या एकदम निघतात, मग फाटत जातात, आणि फिरून फिरून कधीतरी परत एकदम पहिल्या घरावर येतात.

"मजा त्या फाटण्यात आहे, आई," तो म्हणाला.

मी म्हटलं, तीन जावा एकाच दारातून निघाव्यात, बाजारात एकमेकींना ओळख देऊ नये आणि जेवायला परत एकाच चुलीशी यावं, तसं हे. तो इतका हसला की टॅब्लेट मांडीवरून घसरला. आणि खोटं कशाला बोलू, ऐकायला बरं वाटत होतं. कान एकीच्या मागे जातो तोवर दुसरी पुढून येते.

मग त्यानं कारखान्यातले आवाज टिपायला सुरुवात केली. डाय पडल्याचा धप्प आवाज चार घरांच्या ओळीत घातला. गठ्ठा आपटल्याचा सात घरांच्या. पाचाच्या ओळीत काय घातलंय ते त्यानं कोणाला सांगितलं नाही. एका सकाळी पत्र्याखालच्या वाशाला स्पीकर टांगला आणि लावून दिलं.

मी डिंक ढवळत होते. धप्प, धप्प, फट, आणि मध्येच हं.

मशीन तर तेव्हा बंद होतं.

"हं कोण म्हणालं?" मी विचारलं.

"वहिनीच म्हणाली," धाकटा म्हणाला. "पण गेल्या आठवड्यात."

डिंकवाल्या दोघी हसल्या. माझी जाऊ हसली नाही. तिनं हातातलं कातरण खाली ठेवलं आणि आपला डावा हात पदराखाली घेतला. परकं कोणी आलं की घेते तसा. मी धाकट्याला तिथल्या तिथं सुनावलं की या खोलीत जो आवाज एकाच तोंडातून यायचा, तो आता वाशावरून येतोय, काढ तो. त्याचं उत्तर तयार होतं. नियम दुसऱ्यानं म्हणू नये असा आहे, आणि हे दुसऱ्यानं म्हटलेलंच नाही. वकील व्हायचा राहिला तो.

थोरला म्हणाला, असू दे गं आई, काम कसं चटचट होईल बघ. आणि सून, जिच्या तोंडचा तो आवाज, तीच म्हणाली की दिवसभर हुंकारून घसा बसतो, भाऊजींचं यंत्र म्हणत असेल माझ्याऐवजी तर बरंच आहे. तरीही मी अट घातली. वाजवायचंच असेल तर तुझी ती फाटाफूट इथं चालायची नाही. हं हाताच्या मागूनच आला पाहिजे, दर खेपेला. त्यानं मान्य केलं. पाच घरांची ओळ चाराची केली, धप्प आणि हं यांची गाठ घालून दिली, आणि सगळं सरळ चालायला लागलं.

चाललंही झकास. गठ्ठे खिडकीच्या वर गेले. थोरला खूश, डिंकवाल्या मान डोलवत डिंक लावायच्या, आणि धाकटा टॅब्लेट घेऊन कोपऱ्यात असा बसायचा की जणू सगळ्यांचे हात त्याच्याच दोऱ्यांना बांधलेत. एकदा तसं बोललाही. म्हणाला, वहिनी आता माझ्या तालावर चालते.

मला मात्र एक गोष्ट खुपत होती. सुनेचे ओठ मिटलेले असायचे. आधी ती मशीनवर बसली की तिचा चेहरा जागा असायचा, मध्येच कोणाला टोमणा मारायची, मध्येच हं. आता तिचा चेहरा झोपलेल्या माणसासारखा. हाक मारली की दुसऱ्या हाकेला वळायची. घरात भाजी चिरतानाही तिची सुरी त्या चालीनं पडे, आणि ओठ तसेच मिटलेले.

एके दिवशी स्पीकरची बॅटरी संपली. मशीन चालूच होतं. सुनेनं ताव आत सरकवला, हात बाहेर घेतला, पाय पायडलवर ठेवला, आणि तशीच बसून राहिली. आम्हाला वाटलं, ताव वाकडा गेला. मी जवळ गेले. ताव सरळ होता.

"काय झालं गं?"

"हं येत नाहीये," ती म्हणाली.

तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. नळाला पाणी येत नाहीये म्हणावं तसं म्हणाली. धाकट्यानं पळत जाऊन बॅटरी बदलली, वरून हं पडला, तिचा पाय खाली गेला. मी त्या दिवशी धाकट्याला बाजूला घेऊन म्हटलं, हे बंद करायचं. तो म्हणाला, थोडे दिवस थांब. त्याच्यासारखाच नाद असलेली माणसं त्या अॅपवर जमतात, एकमेकांना आपलं केलेलं ऐकवतात. त्यांच्याकडे त्याला आपल्या कारखान्याचं संगीत पाठवायचं होतं, खरं मशीन आणि टॅब्लेटमधलं मशीन एकत्र वाजत असलेलं. तेवढं टिपून झालं की स्पीकर खाली. मी म्हटलं, ठीक, पण ओळीला हात लावलास तर बघ. तो हसला. बापासारखा.

सरळ तालात त्याचं मन रमत नव्हतं, हे मला कळावं म्हणून त्यानं चार वेळा सांगितलंही होतं. गवंड्याच्या ओळंब्यासारखं झालंय, त्यात जीव नाही, पाठवलं तर लोक हसतील. आणि ज्याला मागून घ्यायची सवय नाही, त्यानं एका दुपारी, कोणाला न विचारता, हंच्या ओळीला पाचवं घर परत जोडलं.

मी स्वयंपाकघरात होते. हातातलं भांडं तसंच राहिलं. दाताखाली खडा यावा तसं कानाला काहीतरी लागलं. सुरुवातीला सगळं एकत्र होतं, मग हं एक घर मागे पडला, मग दोन. मी ओला हात घेऊनच निघाले.

खोलीत सगळं नेहमीसारखं दिसत होतं, हेच वाईट होतं. डिंकवाल्या डिंक लावत होत्या. धाकटा कोपऱ्यात डोळे मिटून बसला होता, कान लावून, चेहऱ्यावर सुख. सून मशीनवर. तिचा हात धप्पवर चालत होता, कारण इतके दिवस तो धप्पवर चालला होता. तिचा पाय हंवर चालत होता, कारण या खोलीत पाय हंवरच चालतो, दोन पिढ्या. आणि धप्प नि हं आता एकमेकांचे राहिले नव्हते. हं कधी हाताच्या मागून यायचा, कधी हाताबरोबर. पुढे काय होणार ते टिकल्यांनी आधीच ठरवून ठेवलेलं होतं, फक्त घरं मोजत यायचं बाकी होतं. पूर्वी हं तिच्या हाताची वाट बघायचा. आता तिच्या हाताला हंच्या पुढे पळावं लागत होतं, आणि ती पळत होती, खांदे वर ओढून, घामानं ओली होऊन, आणि तिला ते ठाऊकच नव्हतं.

मी तोंड उघडण्याआधी जाऊ बोलली. ती कधी आवाज चढवत नाही. आताही चढवला नाही.

"मशीन थांबवा."

तिनंच भिंतीवरचा खटका ओढला. मग कातरणाच्या ढिगातून काढलेली वस्तू तीन बोटांच्या हातावर ठेवून तिनं तो हात सगळ्यांसमोर धरला. पदराखालचा हात, आपण होऊन. त्यावर रबराचा एक तुकडा होता, बोराच्या बीएवढा.

ताव नीट उचलता यावा म्हणून सून उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला रबरी टोपी घालते. टोपी तिला मोठी होते, पुढचं टोक रिकामं लोंबतं. कितीदा म्हटलं होतं, लहान आण. नाही आणली, तेच बरं झालं. टोपीचं टोक साफ कापलं गेलं होतं, आणि त्या भोकातून तिचं नख दिसत होतं. गुलाबी. अख्खं.

सून त्या तुकड्याकडे असं बघत होती की जणू तो दुसऱ्याच कोणाचा आहे. मग म्हणाली, "पण मी हं म्हणाले होते ना. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत."

आम्ही ऐकला होता. सगळ्यांनीच. तिच्याच आवाजातला. म्हणून तर कोणी मान वर केली नव्हती.

स्पीकर अजून चालूच होता. धप्प, फट, हं. धाकटा उभा राहिला होता. त्याचा रंग उडाला होता, मी काही आंधळी नाही. तेवढ्यावर तो थांबला असता तर मीही तेवढ्यावर थांबले असते. पण तो म्हणाला की एका घरानं एवढा काही फरक पडत नाही, वहिनीचं लक्ष नव्हतं.

सुनेनं मान खाली घातली. तिनं ते मान्य केलं, हे मला दिसलं. उद्या थोरल्यालाही हेच सांगितलं जाणार, तोही मान्य करणार, आणि जन्मभर ती या घरात लक्ष नसलेली बाई म्हणून राहणार, बोटं असली तरी आणि नसली तरी.

मी म्हटलं, ऊठ गं तू. आणि धाकट्याला म्हटलं, तू बस. तुझं लक्ष आहे ना, बस मग.

मशीन बंद ठेवलं. खोक्यांवर बाण मारायचा आमचा लाकडी शिक्का आहे, कुठली बाजू वर ते दाखवणारा. तो मी लाल शाईत बुडवला आणि मशीनच्या समोर उभी राहिले. त्याला सांगितलं, वहिनी बसते तसं बस. ओठ मिटून. ताव आत, हात बाहेर, आणि वरून हं आला की पाय. मी तुझ्या हाताकडे बघणार नाही, नुसत्या पायाकडे बघेन. पाय खाली गेला की शिक्का खाली. आजच्यापुरती डाय मी.

तो हसला, पण या वेळी कोणासारखाच दिसला नाही. लहानपणी सुट्टीत तोही या स्टुलावर बसलेला आहे. हात, हं, पाय त्याच्याही हाडात आहे. त्यानं ताव सरकवला. हं आला, पाय गेला, शिक्का पुठ्ठ्यावर. पुन्हा. पुन्हा. डिंकवालीनं तोंडावर पदर धरला, तिला गंमत वाटत होती, आई आणि लेक भातुकली खेळतायत. शिक्का एकदा तावाच्या मधोमध पडला, मग काठाकडे. त्याच्या कपाळावरची शीर दिसायला लागली. तो ओळी मनात मोजत होता. त्यानंच तर मांडल्या होत्या. पण मोजणारं डोकं वर आणि पाय खाली, आणि मधे लांबचा रस्ता.

मी पायाकडेच बघत होते. पाय गेला, मी शिक्का आपटला, आणि लाकूड पुठ्ठ्यावर आपटल्याचा आवाज आला नाही. मऊ आवाज आला.

त्याच्या बोटांवर लाल बाण उमटला होता. मधल्या तीन बोटांवर, आडवा.

"परत," तो म्हणाला. "एकदा चुकलं."

जाऊ तिकडून म्हणाली, "मलाही असंच म्हणायचं होतं रे."

धाकट्यानं शाई पुसायला दुसरा हात नेला आणि तो तिथंच थांबला, बाणाला न शिवता. मग त्यानं टॅब्लेट उचलला आणि पडद्यावरची वायर ओढून काढली. वाशावरचा आवाज गेला. खोली इतकी शांत झाली की डिंक उकळताना फुटणारे बुडबुडे ऐकू यायला लागले. तो पुटपुटला की पाचवं घर काढून टाकतो, सगळं सरळ करून देतो, पहिल्यासारखं.

मी सुनेकडे वळले. ती भिंतीशी पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यावर बसली होती, हात मांडीत. म्हटलं, झालं ते झालं, आता नुसता आवाज काढ तुझा. एकदा हं म्हण, मला ऐकू दे.

तिनं तोंड उघडलं. थांबली. वर वाशाकडे बघितलं, जिथून तो यायचा तिकडे. ओठ हलले, घसा हलला, पण बाहेर काही आलं नाही. आणि मग जावेनं माझ्या दंडाला धरून खाली दाखवलं. सुनेचा उजवा पाय जमिनीवर पडत होता. थांबायचा, पडायचा. थांबायचा, पडायचा. स्पीकर बंद होता, मशीन बंद होतं, टॅब्लेट काळा होता. तिच्या पायाला कोणीतरी अजून सांगत होतं. त्या पाच घरांत आता आमच्यापैकी कोणाचा हात पोचत नव्हता.

तिला ते दिसलं तेव्हा तिनं दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला.

मी शिक्का जागेवर ठेवला. धाकटा अजून स्टुलावरच होता, लाल बोटं समोर धरून, आता आई झाडेल आणि मग जेवायला वाढेल या तयारीत. मी त्याच्या अगदी जवळ गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"तुझ्या यंत्राला मी दोष देत नाही, आणि ते फोडणारही नाही. लोकांना वाजवून दाखव खुशाल. पण तू तिच्या तोंडातला हं नेलास, आणि नेहमीसारखा मोडून परत आणलास. आवाज घेतलास ना, मग जागाही घे. उद्या सकाळपासून या स्टुलावर तू. दर तावाला तुझ्या स्वतःच्या तोंडून हं निघाला पाहिजे, मला चुलीशी ऐकू आला पाहिजे. तिचा तिला सापडेल त्या दिवशी तू उठायचं. आणि सापडलाच नाही, तर बाळा, इथून तू कधीच उठायचं नाहीस."